रोमला आईबाबांसोबत चार दिवस

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे आणि आईबाबा (वय 67 व 71) चार दिवस रोमला जाणार आहोत. बाबांना फार चालवत नाही, आई अंडेही खात नाही. विमानतळावरून रेल्वेने जावे की टॅक्सीने? तिकिटांत काय चुका होतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चौघे आहात, तर टॅक्सीच करा. फ्युमिचिनो विमानतळाहून तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्थानकात थेट जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस रेल्वे 32 मिनिटे घेते, पण माणशी 14 युरो, म्हणजे चौघांचे 56. टॅक्सीचे ऑरेलियन तटबंदीच्या (जुन्या रोमभोवतीच्या प्राचीन भिंतीच्या) आतपर्यंतचे भाडे ठरलेले आहे : अख्ख्या गाडीचे 55 युरो, सामानासकट. गाडी पांढरी आणि दारावर ‘रोमा कापिताले’ लिहिलेली हवी, कारण हा दर रोमच्या टॅक्सींचा आहे. बसण्याआधी भाडे बोलून घ्या.

बसचे तिकीट ‘टी’ अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळते. बसमध्ये चढताच ते यंत्रात घालून शिक्का उमटवा. नुसते खिशात असलेले तिकीट दंडापासून वाचवत नाही. शिक्क्यापासून 100 मिनिटे बस-ट्राम हव्या तितक्या बदला, मेट्रो मात्र एकदाच. बँकेचे कार्ड टेकवूनही जाता येते, पण प्रत्येकाचे वेगळे हवे. तेच कार्ड पुन्हा टेकवले तर यंत्र ती गाडीबदल समजते आणि दुसरा माणूस विनातिकीट ठरतो.

कलोसियमचे तिकीट नावानिशी आणि वेळेनिशी असते. पासपोर्टावरचेच नाव भरा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार सकाळी मोफत असतो, पण त्या रांगेत बाबांना उभे करू नका. सेंट पीटर्स चर्च बुधवारी सकाळी टाळा, तेव्हा चौकात पोपची सभा असते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात.

आईंसाठी : पेकोरिनो रोमानो चीजमध्ये कोकराच्या जठरातले रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असते, त्यामुळे हे चीज आणि मिरी घातलेला ‘काचो ए पेपे’ पास्ता बिनमांसाचा दिसला तरी त्यांना चालणार नाही. तळलेल्या भोपळ्याच्या फुलांत आंचोवी मासा भरलेला असतो. टोमॅटो, लसूण, ओरेगानोची मारिनारा पिझ्झा बिनचीजची असते, ती मागवा. वर मासा नको, हे सांगूनच.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नासोनी’ नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि पाणी पिण्याचे आहे. बाबांना वाकवत नसेल तर नळीचे तोंड बोटाने दाबून धरा. नळीच्या वरच्या भोकातून धार उसळते आणि उभ्यानेच पिता येते.