देव आहे की नाही, याचा निकाल विज्ञान आणि तर्क लावू शकतात का?

हो किंवा नाही म्हणण्याआधी मी उलट विचारेन: कोणता देव? टाळाटाळ म्हणून नाही. वाद घालतानाचा देव वेगळा आणि नवस बोलतानाचा वेगळा असतो, सगळा घोळ तिथेच होतो.

प्रार्थना ऐकून आजार बरा करणारा देव घ्या. हा दावा जगात घडणाऱ्या गोष्टीबद्दल आहे, म्हणून तो तपासता येतो. तपासलाही गेलाय. अमेरिकेत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी कुणी प्रार्थना करेल किंवा करणारही नाही. एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के रुग्णांना, म्हणजे फरक नाहीच. आपल्यासाठी प्रार्थना होणार हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्या तिसऱ्या गटात प्रमाण निघालं ५९ टक्के! (माझी तब्येत इतकी वाईट आहे की काय, या धास्तीनेही असेल.) यातून देव नाही असं सिद्ध होत नाही. अशा प्रार्थनेचा गुण दिसला नाही, एवढंच.

तर्काची गोष्ट वेगळी. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं, अनुमान प्रसिद्ध आहे: घट (मडकं) हे कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू, त्याला कर्ता कुंभार, पृथ्वीही कार्य, म्हणून तिलाही कर्ता हवा, तो ईश्वर. यावर बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने वारूळ पुढे केलं. तेही मातीचंच, घडलेलं. मग तेही कुंभारानेच केलं म्हणायचं का? घटाला कर्ता असतो हे आपण म्हणतो, कारण कुंभाराला घट घडवताना पाहिलेलं असतं. जग घडताना कुणी पाहिलंय? मग व्याप्ती, म्हणजे 'जिथे कार्य तिथे कर्ता' हा नियम, आणायची कुठून? मला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो. न्यायदर्शनाच्याच उदयनाचार्यांनी पुढे ईश्वराची बाजू पुन्हा हिरिरीने लढवली, पण वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनीसुद्धा सृष्टिकर्ता ईश्वर नाकारलाच होता.

गणिती गोडेलनेही ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धता लिहून ठेवली होती. तिची एक सुधारित आवृत्ती २०१३ मध्ये संगणकाने तपासली, पायऱ्या बरोबर निघाल्या. म्हणून देव सापडला का? गृहीतकं मान्य असतील तर निष्कर्ष मान्य, आणि भांडण तर गृहीतकांवरच आहे.

मी स्वतः देव मानत नाही. तरी 'विज्ञानाने देव खोटा ठरवला' म्हणणाऱ्याशीही माझं जमत नाही, कारण जगात कसलीच ढवळाढवळ न करणाऱ्या देवाला कुठल्या प्रयोगात पकडणार?

तुमचा कुणाशी वाद चालू असेल तर त्याला विचारा, देव नसता तर जगात नेमकं काय वेगळं दिसलं असतं? काही सांगितलं तर तपासायला विषय मिळाला. 'काहीच नाही' म्हणाला, तर विज्ञानाने गप्प बसावं. फक्त मग त्यानेही परीक्षेत पास होण्यासाठी त्या देवाकडे साकडं घालू नये.