तीन लॅपटॉप, एकच विंडोज अपडेट, तीनदा डाउनलोड: डेटा कसा वाचवायचा?

एकदाच उतरवा आणि घरातल्या घरात वाटून घ्या. तिन्ही लॅपटॉपवर सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असं जाऊन इतर डिव्हाइसवरून डाउनलोड घ्यायचा पर्याय चालू करा. फक्त ‘लोकल नेटवर्क’ (म्हणजे तुमच्याच घरच्या नेटवर्कवरची डिव्हाइस) हेच निवडा हं, नाहीतर तुमचाच डेटा खर्चून अनोळखी लोकांच्या मशीनना अपडेटचे तुकडे जात राहतील! मग आधी एका लॅपटॉपवर अपडेट पूर्ण होऊ द्या, तो चालू आणि चार्जरला लावलेला ठेवा (बॅटरीवर असताना तो इतरांना अपडेट सहसा देत नाही), नंतर बाकीचे दोन. किती भाग घरातूनच आला ते तिथल्याच ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये दिसतं. मॅकसाठी हेच काम त्यातली ‘कंटेंट कॅशिंग’ ही सोय करते, उबंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) एपीटी-कॅशर-एनजी हा प्रोग्राम.