वाचकांचे प्रश्न : पोर्ट्समथचा तह आणि रूझवेल्ट यांचा पत्रव्यवहार

प्रश्न : १९०५ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी रशिया-जपान युद्ध मिटवले आणि त्याबद्दल त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, असे वाचले होते. परंतु तहाची बोलणी अमेरिकेतील पोर्ट्समथ येथे चालू असताना ते तिथे फिरकलेही नाहीत, असे आता वाचनात आले. मग त्यांनी नेमके केले काय? आणि हे काम परराष्ट्र खात्याचे नव्हते का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ऑगस्ट १९०५ मध्ये जपानचे कोमुरा जुतारो आणि रशियाचे सेर्गेई विट्टे पोर्ट्समथच्या नौदल गोदीत समोरासमोर बसले होते, तेव्हा रूझवेल्ट न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे येथील आपल्या घरी होते. त्यांनी जे केले ते पत्रांतून आणि तारांतून केले. परराष्ट्रमंत्री जॉन हे दीर्घकाळ आजारी होते आणि १ जुलैला त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेल्या एलिहू रूट यांना सूत्रे हाती घेऊन काहीच आठवडे झाले होते. त्यामुळे खाते असूनही या प्रकरणाचा सगळा भार अध्यक्षांनी स्वतःच्या लेखणीवर घेतला होता. तसे करण्याची त्यांना आवडही होती, हे त्यांची पत्रे वाचणाऱ्याला लगेच जाणवते.

या पत्रव्यवहारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या काळच्या वृत्तपत्रांत आली नव्हती. मे १९०५ च्या अखेरीस त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचे आरमार बुडाले. जपान जिंकत होता, परंतु त्याच्याकडचा पैसा आणि मनुष्यबळ संपत आले होते, आणि विजयी पक्षाने तहाची याचना करणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून जपानचे वॉशिंग्टनमधील राजनैतिक प्रतिनिधी ताकाहिरा कोगोरो यांनी रूझवेल्ट यांना गुप्तपणे विनंती केली की, दोन्ही पक्षांना चर्चेचे निमंत्रण द्यावे, मात्र ते आपण होऊनच देत आहोत असे दिसू द्यावे. रूझवेल्ट यांनी हे गुपित पाळले. रशियाच्या बाजूला अडचण निराळी होती. वॉशिंग्टनमधील रशियन राजदूत कॅसिनी यांच्यावर रूझवेल्ट यांचा विश्वास नव्हता, त्यामुळे त्यांनी सेंट पीटर्सबर्गमधील आपले राजदूत जॉर्ज मेयर यांना तार करून थेट झार निकोलस दुसरा यांची भेट घ्यायला सांगितले. ७ जूनला ही भेट झाली, झारने होकार दिला, आणि ८ जूनला एकाच मजकुराचे निमंत्रण दोन्ही सरकारांना गेले. त्या निमंत्रणाचा मजकूर इतका साधा आहे की, त्यामागची ही सगळी खटपट केवळ त्यावरून कोणालाही कळणार नाही.

ऑगस्टमध्ये बोलणी दोन मुद्द्यांवर अडली : युद्धखंडणी आणि साखालिन बेट. या वेळी रूझवेल्ट यांनी एकीकडे झारला मेयरमार्फत संदेश पाठवला, दुसरीकडे जर्मनीच्या कैसरला झारवर वजन टाकण्याची गळ घातली, आणि जपानच्या बाजूने, अमेरिकेत मुक्कामी असलेले जपानी मुत्सद्दी कानेको केंतारो यांना पत्रे लिहून, केवळ पैशासाठी युद्ध लांबवणे जपानच्या हिताचे नाही, हे परोपरीने पटवले. कानेको हार्वर्डमध्ये शिकलेले होते आणि रूझवेल्टही तिथलेच, त्यामुळे या पत्रांत सरकारी खलित्यात न बसणारा मोकळेपणा आहे. साखालिनच्या दक्षिण भागावर १८७५ पर्यंत जपानचा दावा होता, त्यामुळे तेवढा सोडायला झार तयार झाला. खंडणीला मात्र त्याने ठाम नकार दिला. अखेर जपानने खंडणीची मागणी सोडली आणि ५ सप्टेंबरला तहावर सह्या झाल्या. त्याच दिवशी टोकियोत संतप्त जमावाने दंगल केली, कारण एवढ्या विजयानंतर खंडणी का नाही, याचे उत्तर जपानी जनतेला मिळाले नव्हते.

इतके कौतुक केल्यावर एका गोष्टीबद्दल गप्प बसणे योग्य होणार नाही. ४ ऑगस्टला दोन कोरियन प्रतिनिधी ऑयस्टर बे येथे रूझवेल्ट यांना भेटले. त्यांपैकी एक सिंगमन ऱ्ही, जे पुढे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष झाले. कोरियाला जपानच्या घशात जाऊ देऊ नये, ही त्यांची विनंती होती. आपला अर्ज आपल्या वकिलातीमार्फत रीतसर पाठवावा, असे त्यांना सांगण्यात आले, आणि वकिलातीने तो पुढे पाठवण्यास नकार दिला. वस्तुतः त्याआधी काही दिवसच अमेरिकेचे युद्धमंत्री टॅफ्ट आणि जपानचे पंतप्रधान कात्सुरा यांच्यात टोकियोत झालेल्या बोलण्यात कोरियावरील जपानचे वर्चस्व अमेरिकेने मान्य केले होते, आणि रूझवेल्ट यांनी तारेने त्याला संमती कळवली होती. या बोलण्याचे टिपण १९२४ पर्यंत उजेडात आले नाही. ज्या अध्यक्षांनी स्वतः रीतसर वाट सोडून झारपर्यंत निरोप पोहोचवला, त्यांनीच कोरियनांना मात्र रीतसर वाटेवर पाठवले, ही गोष्ट मला अतिशय अन्यायाची वाटते, आणि नोबेल पारितोषिकाच्या उल्लेखाबरोबर तीही सांगितली गेली पाहिजे.

प्रश्न : ही पत्रे मूळ स्वरूपात कुठे पाहता येतील? — तेच वाचक

उत्तर : अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने रूझवेल्ट यांची कागदपत्रे आपल्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध करून दिली आहेत. जून ते सप्टेंबर १९०५ हा काळ निवडून पत्रे तारखेच्या क्रमाने वाचावीत, आणि एकाच आठवड्यात मेयर, कानेको आणि घरच्या मंडळींना लिहिलेली पत्रे शेजारी ठेवून पाहावीत. झार आणि जपान या दोघांच्याही हटवादीपणावरचा जो वैताग रूझवेल्ट सरकारी पत्रांत आवरून धरतात, तो मुलाला लिहिलेल्या पत्रात उघडपणे व्यक्त झालेला आढळतो.