पोराला काय होतंय, म्हणणाऱ्यांना काय सांगू?

प्रश्न : ताई नमस्कार, नाव छापू नका. मी सोलापूरचा, टॉवेलच्या पॅकिंगला आहे. माझ्या बहिणीचा मुलगा १४ वर्षांचा, आठवीला. दिवाळीपासनं ट्यूशनला नको म्हणालाय, कधी पोट दुखतंय, कधी डोकं. बहीण विड्या वळते, दाजी यंत्रमागावर रात्रपाळीला, लक्ष कोण देणार. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यातनं उतरून भेळ खाता खाता मलाच म्हणाला, मामा, ट्यूशनच्या बाई बाकीची पोरं गेली की मला थांबवून घेतात. पुढचं इथं लिहीत नाही. दाजींना सांगितलं तर आधी गप्प झाले, मग म्हणाले पोराला काय होतंय, पोरगी असती तर गोष्ट वेगळी. टपरीवर त्यांच्या तोंडून निघालं तर तिथली दोघं हसली, नशीब काढलं की पोरानं म्हणून. हीच माणसं मागच्या वर्षी गल्लीतल्या एका पोरीच्या केसमध्ये फाशी द्या फाशी द्या करत होती आणि महिन्याभरात, ती एवढ्या उशिरा तिकडं गेलीच कशाला, हे पण हीच म्हणत होती. बहीण म्हणते गप्प बसू, ट्यूशन बदलू. मी उगाच वाढवतोय का? कायद्यात हे बसतं का?

उत्तर : मामा (नाव माहीत नाही म्हणून भाच्याच्याच नात्यानं हाक मारते), उगाच नाही वाढवत, आणि कायद्यात बसतं. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासनं वाचवायचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, त्यात १८ च्या आतलं मूल म्हणजे मूल, मुलगा की मुलगी असा भेदच नाही. बाईवर केस कशी होणार असं दाजी विचारतील, तर दिल्ली हायकोर्टानं २०२४ मध्ये आणि आपल्या शेजारच्या कर्नाटक हायकोर्टानं २०२५ मध्ये सांगून टाकलंय की या कायद्याखाली बाईपण आरोपी होऊ शकते. आणि १४ वर्षांच्या पोराची 'संमती' हा मुद्दा तर कायदा विचारातच घेत नाही.

आता टपरीवरचं हसणं. मला त्याचाच जास्त राग आला, खरं सांगते. केंद्र सरकारनं २००७ मध्ये एक अभ्यास छापला होता, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून, महाराष्ट्र पण त्यात होता. निम्म्याहून जास्त मुलांनी, म्हणजे ५३ टक्क्यांनी, कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्या मुलांत मुलगे अर्ध्याहून थोडे जास्तच निघाले. म्हणजे टपरीवर चहा पिणाऱ्यांतसुद्धा एखादा असेल ज्याला लहानपणी कुणीतरी त्रास दिलाय आणि जो आज सगळ्यांबरोबर हसतोय, कारण नाही हसला तर लोक त्याच्याकडे बघतील. दाजी आधी गप्प झाले असं तुम्ही लिहिलंय ना, ते मला 'काय होतंय' पेक्षा खरं वाटतं. त्यांना कळलंय, बोलायला शब्द नाहीत एवढंच.

बरं, भाच्याच्या जागी भाची असती तर भलं झालं असतं का? तुमच्याच गल्लीत बघितलं ना तुम्ही. पहिला महिना फाशी, दुसऱ्या महिन्यात ती गेलीच कशाला. पोराला हसून गप्प करायचं आणि पोरीला उलटतपासणी घेऊन. हे आजचं नाही हो, १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ ला सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं, तिच्या अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, यावरनं. देशभर बायका रस्त्यावर आल्या तेव्हा कुठं १९८३ मध्ये कायदा बदलला. भाच्याला उद्या कुणीतरी नक्की विचारणार, मग ओरडला का नाहीस? भीतीनं माणूस गोठतो, हे उत्तर तुम्ही आत्ताच तयार ठेवा. आणि शरीर स्वतःहून काही प्रतिसाद देतं म्हणजे मनानं हो म्हटलं असं नसतं, हे पण त्याला सांगा, पोरं या एकाच गोष्टीवरनं वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसतात.

फाशी फाशी ओरडण्याचं पण मला काही कौतुक नाही. राक्षस शोधायला निघालं की ट्यूशनच्या बाई, सख्खा चुलता, वरच्या मजल्यावरचा दादा दिसतच नाही. बलात्काराच्या केसेसमध्ये ९० टक्क्यांच्या वर आरोपी ओळखीचाच असतो, हे दरवर्षीचे सरकारी आकडे सांगतात. ट्यूशन बदलून तुमचा भाचा सुटेल, पण त्या बाईंकडची बाकीची पोरं?

करायचं काय, तर कळलेल्या माणसानं पोलिसांना कळवणं पोक्सोत सक्तीचंच आहे, लपवलं तर ६ महिन्यांपर्यंत शिक्षा, म्हणजे बहिणीची ना असली तरी तुम्ही जाऊ शकता. चौकीचा धसका असेल तर आधी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथं घ्यायचा, पोलिसांनी युनिफॉर्ममध्ये यायचं नाही, नाव छापायला बंदी. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा असं कायदा म्हणतो, ते लिहिताना डोळ्यापुढं बहुतेक मुलगीच असावी. भाच्याला बाईसमोर बोलायला जड जात असेल तर तसं स्पष्ट सांगा, 'शक्यतो' आहे, सक्ती नाही. पण जायच्या आधी त्याला विश्वासात घ्या. त्यानं आईला नाही, वडिलांना नाही, तुम्हाला सांगितलंय. त्याच्या पाठीमागं काही केलंत तर परत तोंड उघडणार नाही.

प्रश्न : मी २० वर्षांचा, हॉस्टेलला आहे. सिनियर मुलांनी रूममध्ये कोंडून माझ्याशी घाणेरडे प्रकार केले. मित्र म्हणतो मुलांसाठी कलमच नाही. खरंय का?

उत्तर : अर्धं खरंय, आणि लाज वाटावी असं आहे. तू १८ च्या वरचा, म्हणजे पोक्सो तुला लागू नाही. १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता आली, त्यात बलात्काराचं कलम फक्त बाईसाठी आहे आणि जुन्या दंडविधानातलं कलम ३७७, ज्याखाली पुरुषाला निदान तक्रार करता यायची, ते नव्या कायद्यात घेतलंच नाही. पण कोंडून ठेवणं, मारहाण, धमकी ही कलमं तुला पण आहेत, ती लावून घे. शिवाय हे रॅगिंग आहे, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे पण जा, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांत मुलग्यांवरच्या त्रासाचा उल्लेख आहे, ही मुलींची समिती आहे म्हणून परत पाठवलं तर तो नियम दाखव. काय काय झालं ते तारीख-वेळ टाकून आजच लिहून काढ, आणि दुखत असेल तर आधी दवाखान्यात जा, त्यासाठी पोलीस केस झालेली असायलाच पाहिजे असं काही नाही.