स्टिअरिंगचा ढिलेपणा आणि पुढच्या चाकांचा खडखडाट

प्रश्न : माझी एसयूव्ही 14 वर्षे जुनी आहे. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड ऐकू येते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागते. दोनदा अलाइनमेंट करूनही फरक पडलेला नाही. शॉक अॅब्सॉर्बर बदलावेत का?

उत्तर : इतक्यात नको. झिजलेल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट टिकत नाही, कारण मशीनवर जुळवलेला चाकांचा कोन गाडी धावू लागताच पुन्हा बदलतो. पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यास जाणवणारा ढिलेपणा बहुधा बॉल जॉइंटचा (चाकाला आधार देऊन वळू देणाऱ्या गोल सांध्याचा) किंवा व्हील बेअरिंगचा (चाक ज्यावर फिरते त्या भागाचा) असतो. केवळ डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर जाणवला, तर संशय टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यावर घ्यावा. मात्र स्प्रिंग खालच्या कंट्रोल आर्मवर (चाक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यावर) टेकलेली असेल तर जॅक त्या आर्मखालीच लावावा, कारण चासीखाली लावल्यास स्प्रिंगचा ताण सांध्यावर कायम राहून दोष लपतो, आणि ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असल्यास कंट्रोल आर्मचे रबरी बुशही (त्याच्या जोडावरचे गादीसारखे भाग) पाहावेत. ढिला बॉल जॉइंट बदलेपर्यंत गाडी चालवू नये. तो निखळल्यास चाकावरचा ताबाच सुटतो. अलाइनमेंट मात्र सर्व झिजलेले भाग बदलून झाल्यावरच करावे.