मास्टर विकून टाकू का?

प्रश्न: आमच्या बँडला एक कंपनी अ‍ॅडव्हान्स देतेय, पण रेकॉर्डिंगचे सगळे हक्क कायमचे त्यांचे. गाणी तर आम्हीच लिहिलीत, मग काय फरक पडतो?

उत्तर: अहो, खूप फरक पडतो! गाणं लिहिल्याचा हक्क वेगळा आणि त्या रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा, हक्क वेगळा. उद्या तुमचं रेकॉर्डिंग कुणाला सिनेमात किंवा जाहिरातीत वापरायचं असेल तर दोन्हीची परवानगी लागते, आणि मास्टर तुमच्याकडे नसेल तर तिथली बोलणी कंपनी करणार. आणि अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नाही हो, तो तुमच्याच रॉयल्टीतून, म्हणजे कमाईतल्या तुमच्या वाट्यातून, वळता होतो, आणि पूर्ण फिटला तरी मास्टर त्यांचंच राहतं, हे मला खरंच अन्यायाचं वाटतं.

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचंच बघा ना, 2019 मध्ये तिची जुनी रेकॉर्ड कंपनी विकली गेली आणि तिच्यासोबत टेलरच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टरही गेले, मग नवे मास्टर स्वतःचे असावेत म्हणून तिने त्यातले चार अल्बम पुन्हा गाऊन रेकॉर्ड केले आणि शेवटी 2025 मध्ये ते मास्टर विकत घेतले. एवढा पैसा आणि एवढे चाहते किती जणांकडे असतात? याउलट अमेरिकन गायक रे चार्ल्सने 1959 मध्ये नव्या कंपनीशी करार करतानाच मास्टर स्वतःकडे राहतील असं लिहून घेतलं होतं.

तुम्ही कायमचे हक्क देण्याऐवजी ठरावीक वर्षांचं लायसन्स, म्हणजे फक्त वापरायची परवानगी, द्यायची तयारी दाखवा, मुदत संपली की मास्टर परत तुमच्याकडे. नाहीच ऐकलं तर निदान हक्क परत येण्याची तारीख तरी करारात घाला, आणि सही करण्याआधी स्वतःच्या वकिलाला दाखवा, कंपनीच्या नाही.