कॅनडाचं ३ लाख ८० हजारांचं टार्गेट, तुमचा स्कोअर आणि पैसे कधी काढायचे

तुम्ही दिलेली माहिती अशी: तुम्ही पुण्यात, वय ३४, बीई मेकॅनिकल, दहा वर्षांचा अनुभव. पत्नी ३१ वर्षांच्या, बीए बीएड, शाळेत शिक्षिका. मुलगी चार वर्षांची. कॅनडा २०२६ मध्ये ३ लाख ८० हजार लोकांना पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, देणार असं वाचलंत आणि एजंट म्हणतोय, भरपूर जागा आहेत, आत्ताच फाइल लावा. खरंच तेवढ्या जागा आहेत का आणि सगळा खर्च किती, हा तुमचा प्रश्न.

मी कॅनडात टोरांटोजवळ मिसिसॉगात राहतो आणि इथे येऊ पाहणाऱ्या ओळखीच्या कुटुंबांसोबत बसून हेच हिशेब वारंवार केले आहेत. जागा आहेत, पण एजंट ज्या सांगतोय त्या नाहीत. आणि त्याला आज लाखो रुपये द्यायचं काहीही कारण नाही.

आधी तो ३ लाख ८० हजारांचा आकडा फोडू. त्यातले २ लाख ३९ हजार ८०० आर्थिक वर्गातले. ८४ हजार जण कुटुंबीय म्हणून, म्हणजे कॅनडाच्या नागरिकांचे किंवा पीआरवाल्यांचे जोडीदार, मुलं, आईवडील. उरलेले ५६ हजारांवर निर्वासित आणि मानवतेच्या कारणावरून घेतलेले. तुमचा संबंध फक्त पहिल्या गटाशी. त्यातही केंद्र सरकारच्या कुशल कामगारांच्या वाट्याला १ लाख ९ हजार आणि प्रांतांच्या नॉमिनेशनला, म्हणजे प्रांतांनी स्वतः निवडून शिफारस केलेल्यांना, ९१ हजार ५००. शिवाय इथे माणसं मोजतात, फाइली नाहीत. तुमची एक फाइल मंजूर झाली की तीन जागा गेल्या. यातला मोठा हिस्सा आधीच कॅनडात शिकत किंवा काम करत असलेल्यांकडे जातो, हे सरकारचं उघड धोरण आहे. म्हणजे पुण्यात बसून अर्ज करणाऱ्यासाठी दार आहे, पण अरुंद आहे. अमेरिकेसारखी देशानुसार कोट्याची रांग मात्र इथे नाही, त्यामुळे भारतीय असण्याचा तोटा नाही.

हे आकडे कायमचेही नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत २०२५ साठी ५ लाख लिहिले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच ३ लाख ९५ हजारांवर आणले. घरभाडी आणि दवाखान्यांवरचा ताण हा इथल्या राजकारणातला मोठा विषय झाला होता. त्या पाच लाखांच्या भरवशावर ज्यांनी भारतातल्या नोकऱ्या सोडल्या त्यांचे फार हाल झाले. म्हणून दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणारी नवी योजना वाचा, आणि एकूण आकडा न पाहता आपली ओळ पाहा.

आता तुमचा स्कोअर. एक्सप्रेस एंट्री, म्हणजे गुण देऊन कुशल कामगार निवडण्याची केंद्र सरकारची पद्धत, तिच्यात १,२०० पैकी गुण असतात. तुम्ही मुख्य अर्जदार असाल तर वयाचे ७५, पदवीचे ११२. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७ मिळवलेत तर भाषेचे ११६. पदवी आणि चांगली भाषा यांच्या जोडीचे २५, कॅनडाबाहेरच्या, म्हणजे तुमच्या भारतातल्या, अनुभवाचे ५०. पत्नीच्या भाषेचे २० आणि शिक्षणाचे आठ-नऊ. बेरीज ४०५ च्या आसपास. जास्त गुणवाल्यांना अर्जाचं आमंत्रण देणाऱ्या फेरीला ड्रॉ म्हणतात. २०२५ मध्ये सर्वांसाठी खुला असा एकही ड्रॉ झाला नाही. कॅनडात कामाचा अनुभव असलेल्यांचे ड्रॉ झाले आणि त्यांचा कटऑफ ५०० च्या वरच राहिला. मेकॅनिकल इंजिनिअर स्टेमच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या, यादीत आहे, पण त्या यादीसाठी २०२५ मध्ये एकही फेरी निघाली नाही. 'इंजिनिअरला मागणी आहे' असं सांगताना एजंटने हे सांगितलं का?

त्याने बहुधा तुमच्या पत्नीची फाइल पाहिलेलीच नाही. मी तेच आधी पाहिलं असतं. २०२५ मध्ये कॅनडाने शिक्षण हा नवा गट सुरू केला आणि त्यात प्राथमिक व माध्यमिक शिक्षक आहेत. त्या वर्षी या गटाचे कटऑफ मे महिन्यात ४७९ आणि सप्टेंबरात ४६२ होते. आता त्यांना मुख्य अर्जदार करून बेरीज करा: वयाचे ९०, दोन पदव्यांचे ११९, भाषेचे ११६, पदवी-भाषा जोडीचे ५०, तीन वर्षांवर शिकवण्याचा अनुभव असेल तर ५०, आणि तुमच्याकडून भाषा-शिक्षणाचे २८. होतात ४५३. आयईएलटीएसमध्ये त्यांनी आणखी अर्धा-एक बँड वर काढला, म्हणजे लिसनिंग ८.५, रीडिंग ८ आणि बाकी दोन ७.५, तर ४६५. तुमच्या ४०५ पेक्षा हा रस्ता कितीतरी जवळचा आहे. अट एकच, पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने बीए आणि बीएड या दोन स्वतंत्र पदव्या धरल्या पाहिजेत. पुढचा कटऑफ किती लागेल ते कुणीच सांगू शकत नाही, पण प्रयत्न इथे करावा.

दुसरा रस्ता फ्रेंचचा. क्युबेक या फ्रेंच भाषिक प्रांताबाहेर येणाऱ्या नव्या पीआरवाल्यांत फ्रेंच बोलणारे २०२६ मध्ये ९ टक्के आणि २०२८ पर्यंत १०.५ टक्के असावेत असं उद्दिष्ट आहे, म्हणून २०२५ चे फ्रेंचचे कटऑफ ३७९ ते ४८१ असे बरेच खाली राहिले. चारही कौशल्यांत कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची सातवी पातळी गाठली तर स्कोअरमध्येही साठेक गुण वाढतात. पुण्यात आणि मुंबईत आलियाँस फ्राँसेज आहे. पण नोकरी सांभाळून त्या पातळीला पोचायला मनापासून मेहनत लागते, दोन-चार महिन्यांत होईल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

खर्चाचं म्हणाल तर तो एकदम करायचाच नाही. कॅनेडियन डॉलर ६५ रुपये धरून सांगतो. पहिला टप्पा दोघांच्या आयईएलटीएसचा आणि पदव्यांच्या मूल्यांकनाचा, तो लाखाच्या आत बसतो. प्रोफाइल भरणं फुकट आहे. इथेच थांबा आणि स्कोअर पाहा. आमंत्रण आलं तरच दुसरा टप्पा, आणि तेव्हा अर्जाला फक्त ६० दिवस मिळतात. ३० एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे प्रत्येक मोठ्या माणसाची फी १,५२५ डॉलर, मुलीची २६०, दोघांच्या बायोमेट्रिकचे १७०. एकूण ३,४८० डॉलर, म्हणजे सव्वादोन लाखांच्या थोडं वर. ही फी दर दोन वर्षांनी एप्रिलअखेरीस वाढते, भरताना ताजा दर बघा. अर्ज फेटाळला तर १,५२५ मधले ५७५ परत मिळतात, बाकीचे गेले. मेडिकल आणि पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स वेगळं. प्रांताच्या नॉमिनेशनने जाणार असाल तर त्या प्रांताची फी आणखी, ओंटारियोची १,५०० डॉलरपासून सुरू होते.

मोठी रक्कम लागते ती दाखवायच्या फंडाची. जुलै २०२५ पासून तिघांच्या कुटुंबाला २३,३६० डॉलर, म्हणजे १५ लाखांच्या वर. हे पैसे सरकारला द्यायचे नसतात, पण ते खरोखर तुमचे आणि हाताशी असावे लागतात. कर्ज काढलेले चालत नाहीत. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहावी लागते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मामाकडून घेऊन खात्यात टाकलेले पैसे लगेच दिसतात. एफडी चालते. गावची जमीन, फ्लॅट, दागिने धरत नाहीत.

आणि ही रक्कम इथल्या कमी उत्पन्नाच्या वार्षिक रेषेच्या फक्त निम्मी ठरवलेली आहे. टोरांटो परिसरात एका बेडरूमच्या घराचं भाडंच महिन्याला २ हजार डॉलरच्या वर जातं. नव्याने आलेल्याला क्रेडिट हिस्ट्री नसल्याने घरमालक आगाऊ भाडं मागतात. तुमच्या पत्नीला ओंटारियोत सरकारी शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचं प्रमाणपत्र लागेल, त्यात महिने जातात. म्हणून मी तिघांसाठी फंडाच्या दीडपट तरी पैसे जवळ असल्याशिवाय विमानात बसा असं सांगणार नाही.

पैसे पाठवताना एक गोष्ट लक्षात असू द्या. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. एकट्याच्या खात्यातून १५ लाख पाठवलेत तर एक लाख रुपये रिटर्न भरेपर्यंत अडकतील. ही मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी आहे, तेव्हा दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवा.

एजंटकडे परवाना आहे का ते कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजच्या यादीत नाव टाकून तपासता येतं. पीआरची गॅरंटी परवानाधारकही देऊ शकत नाही. आणि कुणी पैसे घेऊन जॉब ऑफर 'लावून देतो' म्हणाला तर तिथून उठून या. ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले, ते याच खरेदी-विक्रीमुळे.

आज करण्यासारखं काम म्हणजे पत्नीच्या दोन्ही पदव्यांच्या ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात अर्ज टाकणं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. त्यांनी किती वर्षं आणि कोणत्या इयत्तांना शिकवलंय ते लिहा, मी बेरीज पुन्हा करून देतो.